प्रीमेडचे विषय, प्रोफेसर आणि माझी एक्सेल शीट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा माणूस सॉफ्टवेअरवाला, बीटेक झालेला, आणि हा अमेरिकेत डॉक्टर कसं व्हायचं ते सांगणार? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही आणि अमेरिकेत शिकलेलोही नाही. पण माझी चुलत बहीण टेक्सासमध्ये वाढली, तिथेच कॉलेजला गेली, आणि तिने कोणते विषय कधी घ्यावेत, कोणत्या प्रोफेसरकडे घ्यावेत, याची एक भली मोठी एक्सेल शीट मी पुण्यात बसून बनवली होती. ती शीट चुकली. थोडीथोडकी नाही, चांगलीच चुकली. आज त्या चुकीबद्दल बोलायचंय, कारण आपले बरेच श्रोते तिकडे आहेत आणि अनेकांची मुलं आता कॉलेजच्या वयाला आली आहेत.

आधी इथल्या मंडळींसाठी थोडं समजावून सांगतो.

आपल्याकडे बारावी होते, मे महिन्यात एका रविवारी नीट होते, १८० प्रश्न, ७२० मार्क, आणि त्या एका दिवसावर सगळं ठरतं. अमेरिकेत तसं नाही. तिकडे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, आणि मग रेसिडेन्सी, ती शाखेप्रमाणे तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. पहिल्या चार वर्षांत जो विद्यार्थी मेडिकलची तयारी करतो त्याला 'प्रीमेड' म्हणतात. पण प्रीमेड ही काही पदवी नाही, तो नुसता इरादा आहे. पदवी कशातही घ्या. बायोलॉजी घ्या, गणित घ्या, इतिहास घ्या, संगीत घ्या. फक्त काही विषय त्या चार वर्षांत झालेले असावे लागतात. साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, यातलं बहुतेक लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स.

मग एमकॅट नावाची परीक्षा. तिचे मार्क ४७२ ते ५२८ या विचित्र पट्टीत मिळतात. आणि जीपीए, म्हणजे चार वर्षांतल्या सगळ्या ग्रेडची सरासरी, जास्तीत जास्त ४.०. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसच्या आकड्यांप्रमाणे २०२३-२४ साठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जणांना प्रवेश मिळाला. ज्यांना मिळाला त्यांचा सरासरी जीपीए ३.७७ आणि सरासरी एमकॅट ५११.७. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक बाहेर राहतात, आणि हे अर्ज करण्यापर्यंत टिकलेले लोक. मध्येच 'नको बाबा' म्हणून सोडून दिलेले यात धरलेलेच नाहीत.

आता गोष्ट सांगतो.

२०२१ चा जुलै. रात्री साडेदहाला काकांचा फोन. काका-काकू ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतात. काका म्हणाले, "अरे, हिचं ऑरिएंटेशन आहे पुढच्या आठवड्यात, त्याच दिवशी विषय निवडायचे असतात. तू डेटामध्ये काम करतोस ना? जरा बघ, कुठला प्रोफेसर बरा."

खरं सांगतो, हा प्रश्नच मला नवीन होता. मी बीटेक केलं तेव्हा प्रोफेसर निवडायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. टाइमटेबल नोटिस बोर्डावर लागायचं, त्यात जे नाव असेल ते आपले सर. आपण निवडतो तो क्लास. लातूरचा की कोट्याचा, कुणाच्या फ्लेक्सवर किती टॉपर. तर मीही नेमकं तेच केलं. फ्लेक्सवरचे टॉपर मोजले, फक्त एक्सेलमध्ये.

तिकडे काही सरकारी विद्यापीठं प्रत्येक विषयाचं, प्रत्येक प्रोफेसरचं ग्रेडचं वाटप जाहीर करतात. किती ए, किती बी, किती नापास, सगळं. शिवाय रेट माय प्रोफेसर्स नावाची साइट आहे, तिथे विद्यार्थी पाचपैकी गुण देतात आणि विषय किती कठीण गेला तेही सांगतात. मला तर मेजवानीच. मी चार वर्षांचा डेटा ओढला, ए मिळवणाऱ्यांची टक्केवारी काढली, रेटिंग जोडलं, आणि विषयवार यादी केली. सगळ्यात वर सगळ्यात जास्त ए देणारे. रंग वगैरे भरले, हिरवा, पिवळा, लाल. काका खूश. काकूंनी ती शीट त्यांच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली.

बहीण तेव्हा १८ वर्षांची. तिने "थँक यू दादा" लिहिलं आणि एक हार्ट पाठवलं.

पहिली चूक: ओझं

पहिली चूक प्रोफेसरची नव्हतीच. ती होती किती विषय घ्यायचे याची.

काकांचं म्हणणं होतं की हायस्कूलमध्ये तिने एपी परीक्षा दिल्यात, काही क्रेडिट आधीच जमा आहेत, तर जोर लावून तीन वर्षांत पदवी संपवू. एक वर्षाची फी वाचेल. आणि मी काय म्हणालो? "काका, आम्ही बीटेकला सेमिस्टरला सहा-सात विषय घ्यायचो, काही होत नाही." किती आत्मविश्वासाने बोललो मी! हे बोलताना मी विसरलो की आम्हाला पास व्हायचं होतं. तिला ए मिळवायचा होता. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

पहिल्या सेमिस्टरला तिने १७ क्रेडिट घेतले. जनरल केमिस्ट्री लॅबसकट, बायोलॉजी लॅबसकट, कॅल्क्युलस, आणि वर ऑनर्सचा एक वर्ग. घरापासून पहिल्यांदा लांब. ऑक्टोबरमध्ये केमिस्ट्रीच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत ५८ मार्क पडले. तिने मला मेसेज केला, "दादा, केमिस्ट्री ड्रॉप करू का? अजून तारीख गेली नाहीये."

मी म्हटलं, "छे! हार नाही मानायची."

इथे थोडं थांबून सांगतो. तिकडे एका ठराविक तारखेपर्यंत विषय सोडता येतो. मग ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेडऐवजी 'डब्ल्यू' येतो, म्हणजे विथड्रॉ. जीपीएवर त्याचा काही परिणाम होत नाही. टेक्सासमध्ये मात्र एक कायदा आहे. २००७ पासून पुढे कॉलेज सुरू केलेल्या विद्यार्थ्याला सरकारी संस्थांमध्ये पूर्ण पदवीत मिळून सहाच विषय असे सोडता येतात. म्हणजे उधळपट्टी करायची नाही, पण एखादा डब्ल्यू म्हणजे काही डाग नव्हे. मेडिकल स्कूलला एक डब्ल्यू दिसला तर कुणी विचारतही नाही, किंवा विचारलं तर दोन वाक्यांत सांगता येतं. सी मात्र कायमचा राहतो.

कायमचा म्हणजे अक्षरशः. आपल्याला वाटतं, विषय परत घेऊ, चांगली ग्रेड आणू, जुनी पुसली जाईल. कॉलेज स्वतःच्या हिशोबात कदाचित पुसेलही. पण एमडीच्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज ज्या केंद्रीय सेवेतून जातात, ती एएमकॅस, आणि टेक्सासची स्वतःची वेगळी टीएमडीसॅस, दोन्ही सगळे प्रयत्न मोजतात. पहिलाही आणि दुसराही. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला वर्गसुद्धा मोजतात. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए एएमकॅस वेगळा काढते. म्हणजे इतिहासात ए मिळवून केमिस्ट्रीचा सी झाकता येत नाही.

तिला केमिस्ट्रीत सी प्लस मिळाला. दुसऱ्या सेमिस्टरला बी. वर्षाअखेर जीपीए ३.२.

आता ३.२ म्हणजे आपल्याला वाटतं, ठीक आहे की, अजून तीन वर्षं आहेत. मी तेव्हा पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. साधारण १२० क्रेडिटची पदवी. त्यातले ३० झाले ३.२ ने. शेवटी ३.७७ हवे असतील तर उरलेल्या ९० क्रेडिटमध्ये सरासरी ३.९६ लागते. म्हणजे तीन वर्षं जवळपास प्रत्येक विषयात ए. आणि पहिल्या वर्षी ३.० आला असता तर? तर पुढची तीन वर्षं प्रत्येक विषयात ए मिळवूनही शेवटी ३.७५ च होतात. ३.७७ गाठताच येत नाही. गणितच परवानगी देत नाही.

हा हिशोब करायला मला दोन मिनिटं लागली. हिरव्या-पिवळ्या शीटला तीन रात्री लागल्या होत्या. दोन मिनिटांचा हिशोब आधी केला असता तर मी पहिल्या सेमिस्टरला १७ क्रेडिट घेऊ दिले नसते.

दुसरी चूक: सोपा प्रोफेसर

दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक केमिस्ट्री. तिकडे याला प्रीमेडची चाळणीच समजतात. जोडीने येणारा विषय आहे, ऑर्गॅनिक एक आणि ऑर्गॅनिक दोन, आणि त्यानंतर बायोकेमिस्ट्री. यात इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे बाण काढून दाखवायचं असतं. ज्याला बाण कळले त्याला शेकडो अभिक्रिया पाठ कराव्या लागत नाहीत. ज्याला नाही कळले, तो कार्ड बनवून पाठ करत बसतो.

पहिल्या वर्षाने सगळे घाबरलेले. मग माझी शीट परत उघडली. ऑर्गॅनिक एकला सगळ्यात जास्त ए देणारे जे सर होते, त्यांच्याकडे तिने नाव घातलं. ३०० मुलांचा वर्ग, सगळ्या परीक्षा पर्यायी प्रश्नांच्या, मागच्या वर्षीचे पेपर सीनियरकडे मिळायचे. तिने कार्ड बनवली, पाठ केली, ए मिळवला. घरात पेढे.

ऑर्गॅनिक दोन वसंतात. त्या सेमिस्टरला तिच्या वेळापत्रकात बसणारा एकच वर्ग, आणि तो शीटमध्ये लाल रंगाच्या सरांचा. पहिल्या परीक्षेत कोरा कागद. "या पदार्थापासून तो पदार्थ बनवा, पायऱ्या दाखवा." तिला ३८ मिळाले. वर्गाची सरासरी ५४ होती, त्यामुळे कर्व्ह लावूनही ती खालीच होती.

त्या रात्री काकांनी फोनवर तिला म्हटलं, "आपल्या घरात असे मार्क कुणाला पडले नव्हते." मला हे काकूंकडून कळलं. तिने पुढचे बारा दिवस घरी फोन केला नाही. काकू घाबरून गेल्या, मला म्हणाल्या, "तू बोल तिच्याशी, तुझं ऐकेल ती."

मी बोललो. म्हणजे मी बोलायला गेलो, शीट उघडूनच बसलो होतो, पुढच्या सेमिस्टरला काय करता येईल वगैरे. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "दादा, तू मला एकदाही विचारलं नाहीस की मला केमिस्ट्री कशी जमते."

मी गप्प. खरंच विचारलं नव्हतं. दीड वर्षात एकदाही नाही. चार वर्षांचा डेटा माझ्याकडे होता, तो इतरांचा. तिचा काहीच नव्हता.

शीट नेमकी कुठे चुकली

हे थोडं तांत्रिक आहे, पण उपयोगाचं आहे.

एक म्हणजे, ए मिळवणाऱ्यांची टक्केवारी कुणातून काढलेली असते ते बघावं लागतं. ज्यांनी मध्येच विषय सोडला ते बहुतेकदा त्या टक्क्यांत नसतात. एखाद्या वर्गातली पाव मुलं सोडून गेली आणि उरलेल्यांना भरपूर ए मिळाले, तर वर्ग हिरवा दिसतो. म्हणून सोडलेल्यांचा आकडा उपलब्ध असेल तर तो आधी बघा.

दुसरं, ऑर्गॅनिक घेणारा ऑनर्सचा वर्ग आणि साधा वर्ग यांची मुलंच वेगळी. ग्रेड प्रोफेसरमुळे की मुलांमुळे, हे आकड्यातून कळत नाही.

तिसरं, रेटिंग लिहितं कोण? एक तर फार आवडलेला किंवा फार चिडलेला. मधले गप्प असतात.

आणि चौथं, जे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. विषय एकमेकांवर अवलंबून असतात. ऑर्गॅनिक दोन हा ऑर्गॅनिक एकवर उभा आहे, बायोकेमिस्ट्री त्या दोन्हींवर, आणि एमकॅट या सगळ्यांवर. मी प्रत्येक ओळ सुटी धरली आणि प्रत्येक ओळीत सोपा पर्याय निवडला. खालचा थर कच्चा ठेवून वरच्या मजल्याला रंग दिला.

याच विषयावर २०२२ मध्ये अमेरिकेत मोठा गाजावाजा झाला होता. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मेटलँड जोन्स नावाचे प्रोफेसर ऑर्गॅनिक शिकवायचे. वय ८४, आधी अनेक वर्षं प्रिन्स्टनला, ऑर्गॅनिकचं मोठं पाठ्यपुस्तक त्यांचंच. वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी अर्ज केला की हा विषय फार कठीण केलाय, मार्क फार कमी देतात. विद्यापीठाने त्यांचा करार पुढे चालवला नाही. मग दोन्ही बाजूंनी भांडणं. एक बाजू म्हणाली, ऑर्गॅनिक न समजलेला डॉक्टर कुणाला हवाय? दुसरी म्हणाली, कोविडमध्ये शाळा संपवलेल्या पोरांचं भविष्य एका विषयावर का अडकवताय? मला दोन्ही बाजू कळतात. ज्या पद्धतीत एक सी पुढची सात-आठ वर्षं बदलू शकतो, तिथे मुलं सोपा प्रोफेसर शोधणारच. त्यांना आळशी म्हणून काही साध्य होत नाही.

मग काय झालं

बहीण त्या लाल रंगाच्या सरांच्या ऑफिस अवर्सला गेली. ऑफिस अवर्स म्हणजे आठवड्यातले ठरलेले दोन-तीन तास, तेव्हा प्रोफेसर त्यांच्या खोलीत बसतात आणि कुणीही जाऊन विचारू शकतो. आपल्याकडे स्टाफरूममध्ये जायचं म्हणजे काहीतरी गुन्हा केलेला असतो, त्यामुळे आपल्या घरातली मुलं तिथे जायला बिचकतात. तीही दीड वर्षात कुणाकडे गेली नव्हती.

सरांनी तिचा ३८ वाला पेपर काढला, खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाले, पहिला प्रश्न फळ्यावर सोडव. तिला आला नाही. त्यांनी ऑर्गॅनिक एकच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात केली. ती मे महिन्यापर्यंत दर मंगळवारी जात राहिली. बहुतेक वेळा तिथे दोन-तीनच मुलं असायची. वर्ग होता जवळजवळ दोनशेचा.

शेवटी बी मिळाला. ए नाही. पण पुढे बायोकेमिस्ट्रीत ए मिळाला, आणि एमकॅटचा अभ्यास करताना ती म्हणाली, "केमिस्ट्रीचा भाग मला परत शिकावा लागला नाही."

आणि खरी गंमत पुढे आहे. अर्ज करताना शिफारसपत्रं लागतात. बहुतेक ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या प्रोफेसरांची हवी असतात, काही ठिकाणी विज्ञानाबाहेरच्या एखाद्याचंही. तिने माझ्या शीटमधले हिरवे प्रोफेसर आठवून पाहिले. सगळीकडे ए. पण ३०० च्या वर्गात मागे बसून मिळवलेला ए. त्यांना तिचं नावही माहीत नाही. त्यांनी पत्र लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? "हिला माझ्या विषयात ए मिळाला." ते तर ट्रान्स्क्रिप्टवर आहेच.

ज्यांनी बी दिला, त्या सरांना तिने विचारलं. ते लगेच हो म्हणाले. पत्रात काय लिहिलं ते तिला माहीत नाही, कारण पत्र वाचायचा हक्क विद्यार्थी आपणहून सोडून देतात, तशी रीतच आहे. पण लिहायला त्यांच्याकडे काहीतरी होतं एवढं नक्की.

आता कुणी विचारलं तर मी काय सांगतो

पहिलं. शुभारंभाच्या सेमिस्टरला लॅबवाले विज्ञानाचे विषय एक, फार तर दोन. सोबत एक असा विषय जो मुलाला मनापासून आवडतो. लवकर संपवायची घाई दुसऱ्या वर्षी करा, हात बसल्यावर.

दुसरं. एपीच्या क्रेडिटवर डोळे झाकून उडी मारू नका. काही मेडिकल स्कूल ते मान्य करतात, काही म्हणतात त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय घेऊन दाखवा. ज्या पाच-सात ठिकाणी अर्ज करायचाय त्यांच्या अटी आधी वाचा. आणि एपीमुळे जनरल केमिस्ट्री टाळता येत असली, तरी तो पाया खरंच पक्का आहे का, हे मुलाला विचारा. विचारा, बरं का.

तिसरं, प्रोफेसर. साखळीतले विषय, म्हणजे जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, यांना नीट शिकवणारा माणूस निवडा. ज्या विषयावर पुढे काही उभं राहणार नाही, तिथे खुशाल सोपा निवडा. त्यात लाज नाही. सगळीकडे कठीण निवडून हौतात्म्य पत्करू नका.

चौथं, शिकवतो कसा हे कळणार कसं? जुना सिलॅबस मिळवा. टेक्सासमध्ये तर २००९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी विद्यापीठांना पदवीच्या विषयांचे सिलॅबस आणि शिक्षकांची माहिती इंटरनेटवर ठेवावी लागते. त्यात बघा, परीक्षा किती, एका परीक्षेला वजन किती, सगळ्यात कमी मार्कांची परीक्षा वगळतात का, कर्व्ह आहे का, ऑफिस अवर्स कधी. दोन परीक्षांवर सगळी ग्रेड असेल तर एक वाईट दिवस महाग पडतो. मग सीनियरना "सोपे आहेत का" असं विचारू नका. "परीक्षेतले प्रश्न वर्गात शिकवलेल्यासारखे असतात का?" आणि "प्रश्न विचारला तर कसे बोलतात?" असं विचारा. आणि पहिल्या आठवड्यात विषय बदलता येतो, तेव्हा दोन्ही वर्गांत बसून बघा.

पाचवं. दरवर्षी निदान एक लहान वर्ग घ्या, वीस-पंचवीस मुलांचा, जिथे शिकवणाऱ्याला नाव माहीत होईल. लेखनाचा असेल, सोशॉलॉजीचा असेल. एमकॅटचा एक पूर्ण विभाग सायकॉलॉजी-सोशॉलॉजीवर आहेच, आणि आणखी एक पूर्ण विभाग नुसता वाचून समजून घेण्याचा. तेव्हा हे वर्ग वाया जात नाहीत.

सहावं. विषय सोडायची शेवटची तारीख सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी फोनमध्ये टाकून ठेवा, आणि त्याच्या एक आठवडा आधी प्रामाणिकपणे बघा कुठे आहोत ते.

सातवं, मेजर. बायोलॉजीच घ्यायला हवं असं नाही. अर्ज करणाऱ्यांत बायोलॉजीवाले सगळ्यात जास्त असतात, पण त्याबद्दल वेगळे मार्क मिळत नाहीत. मेडिकल नाही झालं तर काय करायला आवडेल, तो विषय मेजर घ्या. निम्म्याहून जास्त लोकांना प्रवेश मिळत नाही हे विसरू नका.

आणि एक गोष्ट एच-४ वर असलेल्या कुटुंबांसाठी. अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो. टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये राज्याबाहेरच्यांना जास्तीत जास्त १० टक्के जागा. हे कॉलेज सुरू होण्याआधी, एकत्र बसून, मुलासमोर मांडा. ऑर्गॅनिकचा प्रोफेसर कोण हा त्यानंतरचा प्रश्न.

बहिणीची पदवी झाली. चार वर्षांत, तीनमध्ये नाही. शेवटचा जीपीए ३.६ च्या आसपास. एक वर्ष ती एका दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी लिहून घ्यायचं काम करतेय, सोबत अर्ज केलेत. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले. निकाल अजून यायचाय. काय होईल ते मला माहीत नाही, आणि पहिल्या वर्षाचा तो सी प्लस नसता तर आणखी बोलावणी आली असती का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. तिला मी ते बोलून दाखवत नाही.

काका मात्र बदललेत. परवा फोनवर त्यांच्या कुणा मित्राच्या मुलाबद्दल सांगत होते, यंदा तो कॉलेजला जाणार. म्हणाले, "तुझी ती शीट पाठव म्हणतायत." मी म्हटलं, काका, शीट नाही पाठवत. त्या मुलालाच माझा नंबर द्या.

त्याने अजून फोन केलेला नाही. पण केला तर पहिला प्रश्न काय विचारायचा, ते आता मला माहीत आहे.

चला, आज एवढंच. तुमच्या घरात कुणी या वाटेवर असेल तर त्यांना हा भाग ऐकवा.